बेलोरा ते बिरसी हवेत तासभर. पण आर्वीकर बेलोऱ्याला पोचणार कसा?

वर्धा : गोंदियाच्या बिरसीहून 2022 मध्येच प्रवासी विमान उडालं. अमरावतीचं बेलोरा 16 एप्रिल 2025 ला सुरू झालं. दोन्हींत सरळ हवाई अंतर सुमारे 275 किमी. एटीआर विमान ते तासाभरात कापेल. पण थेट सेवाच नाही. त्यामुळे गोंदियाला जायचं तर बडनेरा-वर्धा-नागपूर रेल्वेच बरी. अंतर 300 किमीच्या आसपास.

बेलोऱ्याहून सेवा सुरू झाली ती मुंबईची, तीही आठवड्यातून तीनच दिवस. विमान पावणेदोन तासांत मुंबई गाठते. आर्वी तालुक्याला नागपूरपेक्षा बेलोरा जवळ. मुंबईच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा तर हे विमान कामाचं. मात्र आर्वीहून बेलोऱ्यापर्यंत स्पेशल गाडी करावी लागली, तर गरिबाला ते परवडणार कसं? विमानाच्या वेळेला जुळणारी एसटी सोडली, तरच हे विमानतळ आर्वीकरांचंही होईल.