अस्थानी स्नेह

दिवाळी तोंडावर आली की घरोघरचे माळे खाली उतरतात. पितळी समया, आजीचा पोळपाट, फुटक्या काचेची तसबीर यांच्या गर्दीतून एखाद्या घरी चामड्याच्या पेटीत जपून ठेवलेला कॅमेराही निघतो. वडिलांचा, काकांचा, क्वचित आजोबांचा. कोणीतरी धूळ झटकतो, कळ दाबतो, 'खट्' असा आवाज होतो आणि सगळे एकदम म्हणतात, "अरे, चालतो की!" पण कॅमेरा चालणे निराळे आणि त्याचे भिंग चालणे निराळे. भिंग काढून उजेडात धरावे तर आतल्या काळ्या पात्यांवर तेलाची ओलसर चमक दिसते, आणि पाती फिरवू जावे तर ती कंटाळलेल्या कारकुनासारखी हलतात. आता हे दुरुस्त करावे, दुसरे घ्यावे, की मुकाट्याने पेटीत घालून ठेवावे?

ही पाती म्हणजे भिंगाच्या डोळ्याची बाहुली. उन्हात आपली बाहुली बारीक होते, काळोखात विस्फारते. तेच काम एकमेकांच्या अंगावर रेललेली ही पातळ पाती करतात. झेनिट कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या हेलिऑस ४४-२ या रशियन भिंगात अशी आठ पाती असतात. एफ/२ पासून एफ/१६ पर्यंत सहा पायऱ्या. दर पायरीला प्रकाश निम्मा, म्हणजे शेवटच्या पायरीवर पहिल्याच्या चौसष्टावा हिस्सा. ज्यांच्या घरी बडोद्यात तयार झालेला आग्फा क्लिक थ्री आहे, त्यांनी मात्र निश्चिंत असावे. त्यात पातीच नाहीत. उन्हासाठी आणि ढगाळ हवेसाठी ठरलेली भोके आहेत. जिथे पातीच नाहीत, तिथे चिकटणार काय?

खरी कसोटी आरशाच्या कॅमेऱ्यांची. १९७६ ते १९९७ या काळात तयार होणारा पेन्टॅक्स के-१००० हा त्यांतला एक. त्यातून पाहताना भिंग सताड उघडे असते, म्हणून दृश्य उजळ दिसते. कळ दाबली की आरसा वर जातो, एक दांडी सुटते, स्प्रिंग पात्यांना ओढते आणि पडदा उघडण्याच्या आत पाती ठरलेल्या खुणेपर्यंत मिटावी लागतात. हा सारा कारभार सेकंदाच्या लहानशा अंशात उरकतो. पात्यांवर तेल असेल तर ओल्या काचेला काच चिकटावी तशी ती एकमेकांना धरून बसतात. मिटतात, पण फोटो होऊन गेल्यावर. मग चेहरे पांढरेफटक येतात आणि बिचारा फिल्म धुणारा बोलणी खातो.

हे तेल येते कुठून? बाहेरून नव्हे. फोकस साधण्यासाठी भिंगात एकात एक फिरणारे आट्यांचे नळे असतात आणि त्या आट्यांना ग्रीज लावलेले असते. ग्रीज म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थाने धरून ठेवलेले तेल. वर्षे लोटली, उष्णता लागली, की साबण जागच्या जागी राहतो आणि तेल सुटे होऊन धातूच्या अंगावरून सरपटत शेजारच्या पात्यांपर्यंत जाते. जामखेडसारख्या गावी तर त्याला आमंत्रणच. चैत्र-वैशाखात इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या छपराखालची लोखंडी ट्रंक भट्टीसारखी तापते. अशा ट्रंकेत वीस उन्हाळे काढलेले भिंग घामाघूम होऊन बाहेर आले, तर नवल ते काय!

इथल्या बाजारपेठेत लग्नकार्यांचे फोटो काढण्यात हयात गेलेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे माझा एक विद्यार्थी असेच भिंग घेऊन गेला होता. बरोबर शिवणयंत्राच्या तेलाची बुधलीही होती.

"काका, दोन थेंब सोडू का? मोकळं होईल."

त्यांनी बुधली उचलून लांब ठेवली. "तेल नको रे बाबा. तेलानंच तर घात केलाय. पाती कोरडीच पळतात."

मराठी शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकून 'स्नेह' हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. त्याचे अर्थ दोन: तेल आणि माया. काही अडले की तेल सोडावे, ही आपल्या हाडीमाशी खिळलेली समजूत. दाराची बिजागरी असो की सायकलची साखळी, ती खरीही ठरते. भिंगाच्या आट्यांनाही तो स्नेह हवाच. नाही तर फोकसचे कडे कुरकुरते. पण अगदी शेजारच्या पात्यांना तोच स्नेह मारक. तेल वाईट नाही; त्याची जागा चुकली.

म्हणून आधी परीक्षा करावी. भिंग कॅमेऱ्यावरून उतरवून एफ/१६ वर ठेवावे आणि मागची दांडी बोटाने दाबून सोडावी. पाती चटकन मिटली, तर तेलाचा डाग दिसला तरी स्क्रू उघडण्याची घाई करू नये. ज्या भिंगात पाती कडे फिरवून हातानेच मिटवायची असतात, तिथे वेगाचा प्रश्नच नाही. हेलिऑस ४४-२ त्यांतलेच. काचेवर तेलाचा धूसरपणा नसेल तर ते खुशाल वापरावे. हल्ली तरुण मंडळी जोडकडे लावून जुनी भिंगे बिनआरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवतात. तिथेही पाती आधीच मिटवून ठेवता येतात, तेव्हा थोडा आळस खपून जातो. पण पाती मिटतच नसतील किंवा अर्ध्यावर अडत असतील, तर भिंग उघडण्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी जोर लावला तर पात्याच्या टोकाची बारीक खुंटी निखळते, आणि मग तेलही गेले, तूपही गेले.

खरी दुरुस्ती कष्टाची आहे, पण गूढ नाही. पुढचे नावाचे कडे रबराने धरून फिरवायचे, काचा उचलायच्या. आटे सोडवायचे झाले तर ते कुठे सुटले याची खूण करायची. ती चुकली तर भिंग जुळते, पण दूरचा डोंगर स्पष्ट येत नाही. मग एकेक पाते आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा लायटरमधल्या द्रवाने धुऊन वाळवायचे. (दोन्ही चटकन पेटतात, पणतीपासून चार हात दूर!) शेवटी आट्यांना नवे ग्रीज, तेही बेताने. पाती परत बसवताना शेवटचे पाते पहिल्याच्या खाली सरकवावे लागते; तिथे भल्याभल्यांचा धीर सुटतो. न उघडताच वरून द्रव ओतण्याची युक्ती काहीजण करतात. त्याने तेल कडेला सरकते, आणि थोड्याच दिवसांत पाहुण्यासारखे परत येते.

दुसरे भिंग घ्यावे केव्हा? काचेला बुरशीने खाल्ले असेल, पाते वाकले असेल आणि तसलेच भिंग सहज मिळत असेल तेव्हा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नि रविवारी, किंवा मुंबईच्या चोरबाजारात, असा माल हाती लागतो. तरीही पहिले फेकू नये. एकाची काच आणि दुसऱ्याची पाती मिळून एक धड भिंग उभे राहते. शिवाय ज्या काचेने आईला नवी नवरी म्हणून पाहिले, तिची बदली कोणत्या बाजारात मिळणार?

तथापि खरी टंचाई भिंगांची नाही, हातांची आहे. फोटो मोबाइलवर निघू लागले, तालुक्याच्या गावचे स्टुडिओ ओस पडले आणि पाती धुणारी माणसे थकली. त्यांच्याबरोबर ती विद्याही जाणार, असे आपण फार सहज म्हणून टाकतो. पण कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, तेव्हा त्यांना शिकवायला कोणते विद्यापीठ आले होते? आणि याच जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या खेड्यातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माणसाचा जीव आणि काचेचे भिंग एका तागडीत घालण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण कसब हे पदवीच्या कागदावर उगवत नाही, शेजारी बसवून घेणाऱ्याच्या धीरावर उगवते, हे या गावाने एकदा पाहिले आहे.

तो विद्यार्थी आता दर रविवारी त्या गृहस्थांकडे जाऊन बसतो. पहिले दोन महिने त्याला निव्वळ स्क्रू ओळीने मांडण्याचे काम होते. परवा त्याने आठही पाती एकट्याने बसवली, कडे फिरवले, आणि बाहुली गोल मिटली. वृद्ध गृहस्थांनी शाबासकी दिली नाही. ट्रंक उघडून त्यांनी दुसरे भिंग त्याच्यापुढे ठेवले. स्नेह योग्य जागी पडला म्हणजे तो असाच दिसत असावा.