पानाआडची सोन्याची टिकली
शिवथरघळीच्या धबधब्याकडे निघालेल्यांची नजर वरच असते. पाऊस ओसरल्यावर वाटेत गारवेलीचं किंवा रताळ्याच्या वेलाचं गोल भोकं पडलेलं पान दिसलं, तर ते जरूर उलटून पाहावं. नखाएवढी सोन्याची टिकली चिकटलेली दिसेल. हा कासवभुंगा. त्याच्या ढालीची कड काचेसारखी. तिच्यातून खालचं पान हिरवंगार दिसतं. मुंगी आली की पाय-मिशा आत घेऊन तो ढाल पानाला गच्च टेकवतो. ही झळाळी ढालीतल्या ओलसर, पातळ थरांवरून परतणाऱ्या उजेडाची. मेल्यावर थर सुकतात नि सोनं विटून तपकिरी होतं. संग्रहातल्या टाचणीवर ते टिकत नाही. त्याची काटेरी अळी तर स्वतःची कात आणि विष्ठा शेपटीवर छत्रीसारखी धरूनच पानं खाते.