पाटावरून उठतांना

गेल्या वर्षीं गौरीजेवणाच्या दिवशीं आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. एरवीं आमच्याकडे मेजावर जेवण्याची चाल पडली आहे. पण त्या एका दिवशीं तरी पाट मांडून पंगत बसते. जेवणें झालीं, विडे झाले, मंडळी उठली. आमच्या वहिनी मात्र उठल्या नाहींत. प्रथम आम्हांस वाटलें, त्या सुनांशीं बोलत बसल्या आहेत. मग त्यांनीं एक हात जमिनीस टेकला, दुसरा भिंतीस लावला, थोड्या वर आल्या आणि पुन्हा खालीं बसल्या. अखेर दोन सुनांनीं काखेंत हात घालून त्यांस उभें केलें. वहिनींचें वय तेव्हां एकाहत्तर. त्या वेळीं त्यांनीं हंसून साजरें केलें, पण रात्रीं त्या आमच्या कुटुंबास म्हणाल्या, “पुढच्या वर्षीं माझें पान मेजावरच मांडा. माझ्यापायीं पंगतीचा खोळंबा नको.” ज्या घरांत त्यांनीं पन्नास वर्षें पंगती वाढल्या, त्या घरच्या पंगतींतून त्यांनीं आपण होऊन नांव काढून घ्यावें, हें आमच्या मनास फार लागलें.

पाटावर बसणें व उठणें ही गोष्ट आपण इतकी क्षुल्लक समजतों कीं, तिची कोणी परीक्षा घेत असेल असें स्वप्नांतही येत नाहीं. पण ब्राझिल देशांत रिओ दि जानेरो येथें क्लॉदिओ जिल आराउजो नांवाच्या वैद्यांनीं नेमकी हीच परीक्षा घेतली. ५१ ते ८० वर्षें वयाच्या २००२ स्त्रीपुरुषांस त्यांनीं जमिनीवर बसावयास व उठावयास सांगितलें. बसण्याचे पांच गुण, उठण्याचे पांच. हात, गुडघा किंवा पायाची कड टेकली कीं दर वेळीं एक गुण वजा, आणि तोल डळमळला तर अर्धा. पुढें सुमारें सहा वर्षें त्या सर्वांची नोंद ठेवली. त्या अवधींत १५९ माणसें निवर्तलीं. आणि ज्यांस तीन किंवा त्याहून कमी गुण मिळाले होते, त्यांच्यांतील मृत्यूचें प्रमाण आठ ते दहा गुण मिळविणारांच्या पांचपटींहून अधिक आढळलें. हा वृत्तांत २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यानें उभा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविला, त्यास ही गुणपद्धति आवडावी यांत नवल नाहीं. परंतु येथें एक खबरदारी घेतली पाहिजे. कमी गुण हें मृत्यूचें कारण नव्हे, तें केवळ लक्षण होय. ताप मोजण्याची नळी ताप आणीत नाहीं. पायांतलें बळ, सांध्यांची लवचिकता आणि तोल हीं तिन्ही किती शिल्लक आहेत, एवढेंच ती परीक्षा सांगते.

हें बळ जातें कोठें? तिशी-चाळिशीनंतर स्नायु हळूहळू रोडावूं लागतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. आणि स्नायु जितके रोडावतात त्याहून त्यांतील शक्ति अधिक त्वरेनें उतरते. हा वयाचा धर्म झाला. पण त्यांत आपण आपल्या हातानें भर घालतों. वहिनी या घरांत आल्या तेव्हां आडाचें पाणी शेंदावें लागे, दळण जात्यावर होई, वाटण पाट्यावर होई आणि चूल जमिनीवर होती. दिवसांतून कितीदां त्या उकिडव्या बसत व उठत याची गणती कोणी ठेवली नाहीं. तीं कामें गेलीं, हें फार उत्तम झालें. त्यांच्या ओझ्याखालीं कित्येक बायका अकालीं झिजल्या, आणि जात्यावरच्या ओव्यांचें कौतुक करणाऱ्या पुरुषांनीं जातें क्वचित् ओढलें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्या कामांबरोबर जो व्यायाम गेला, त्याच्या जागीं दुसरें कांहींच आलें नाहीं.

कार्तिकांत आमच्या पुतण्यानें एका व्यायामशिक्षिकाबाईंस घरीं आणलें. त्या वहिनींस वजन उचलावयास लावणार, हें ऐकतांच आम्हीं कडाडून विरोध केला. आमच्या हातीं शस्त्रही भक्कम होतें. अष्टांगहृदयांत, दिनचर्येच्या अध्यायांत, वाग्भटानें व्यायामाची स्तुति करून लगेच सांगितलें आहे कीं, बालकानें, वृद्धानें व अजीर्ण झालेल्यानें तो वर्ज्य करावा. याहून स्पष्ट निषेध कोणता? पुतण्या निरुत्तर झाला. आम्ही विजयी मुद्रेनें माडीवर गेलों. आणि मनाची खात्री करून घ्यावी म्हणून सुश्रुत उघडला, तेथेंच आमची फसगत झाली. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत सुश्रुत म्हणतो कीं, जो व्यायाम करतो त्याच्यावर जरा एकदम चाल करून येत नाहीं. व्यायाम अर्ध्या बळानेंच करावा असें दोघेही म्हणतात. पण सुश्रुत त्या अर्ध्या बळाची खूणही सांगतो, ती अशी कीं, हृदयांतला वायु मुखापर्यंत येऊं लागला, म्हणजे श्वास तोंडानें घ्यावासा वाटूं लागला, कीं अर्धें बळ झालें. अर्थात् हें अर्धें ज्याच्या त्याच्या बळाचें अर्धें आहे. एकाहत्तर वर्षांच्या बाईचें अर्धें वेगळें, मल्लाचें वेगळें. वाग्भटाच्या ‘वृद्ध’ या शब्दास ओढून-ताणून ‘अतिवृद्ध’ असा अर्थ देतां आला असता. तसें करण्याची आम्हांस इच्छा नाहीं. त्या वचनापुरतें आम्ही वाग्भटास सोडलें.

शिवाय या वादाचा निकाल अनुभवानें लागून चुकला आहे. बॉस्टन येथें मरिया फियातारोने या विदुषींनीं सरासरी नव्वद वर्षें वयाच्या, अशक्त, आश्रमांत राहणाऱ्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांनीं वजनें उचलविलीं. एकानें मध्येंच सोडलें. उरलेल्या नऊ जणांच्या मांड्यांचें बळ सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढलें, म्हणजे पावणेतीनपट झालें. हा वृत्तांत १९९० सालचा. त्याचीच दुसरी बाजूही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे: व्यायाम थांबवितांच चार आठवड्यांत त्यांतील बराच लाभ ओसरला.

बाईंची रीत आम्ही रोज दाराआड उभे राहून पाहत होतों. पहिल्या दिवशीं त्यांनीं खुर्चीवर दोन चादरींच्या घड्या ठेवून बैठक उंच केली, वहिनींस हात छातीवर बांधावयास सांगितले, आणि नुसतें उठावयास व सावकाश बसावयास लावलें. आठ वेळां, मग दोन मिनिटें विसांवा, असे तीन फेरे. उठतांना श्वास कोंडूं नये म्हणून मोठ्यानें मोजावयाचें. श्वास कोंडल्यानें रक्तदाब चढतो. वहिनींनीं आंकड्यांऐवजीं नांवें घेतलीं; केशवापासून वामनापर्यंत बरोबर आठ होतात. दामोदरापर्यंत, म्हणजे बारांपर्यंत, सहज जातां येऊं लागलें कीं एक घडी काढावयाची. घड्या संपल्यावर मोडा, मोड्यानंतर चौरंग, चौरंगानंतर पाट, अशी ही उतरती पायरी होती. आणखी दोन-तीन वेळां उठतां येईल असें वाटत असतांनाच थांबावयाचें, हा बाईंचा नियम. त्यांनीं सुश्रुत वाचलेला नाहीं.

याखेरीज अर्धी भरलेली बादली कमरेंत न मोडतां, गुडघे वाकवून उचलणें. भिंतीला हात लावून अंग रेटणें. ओट्याशेजारीं एका पायावर उभें राहणें. आणि खिडकीच्या गजास बांधलेली रबराची पट्टी दोन्ही हातांनीं छातीकडे ओढणें. ही शेवटची गोष्ट पाहून आम्हांस आड आठवला. सोमवार, बुधवार व शुक्रवार एवढेच दिवस. बाकीच्या दिवशीं चालणें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेला सल्लाही जवळजवळ हाच आहे: आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचें चलनवलन, दोन किंवा अधिक दिवस बळाचा व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा. ज्यांस हृदयविकार आहे किंवा छातींत दुखतें, त्यांनीं आपल्या वैद्यास विचारूनच आरंभ करावा.

आम्हीं बाईंस एकदां विचारलें कीं, सूर्यनमस्कार असतांना हा खटाटोप कशाला? औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं प्रथम सँडोच्या उपकरणांनीं कित्येक वर्षें व्यायाम केला, पुढें तीं सोडून नमस्कार धरले, आणि आपल्या संस्थानांतील शाळांत ते सुरू केले. १९३८ सालीं त्यांचें त्यावरील इंग्रजी पुस्तकही निघालें. राजवाड्यापासून पर्णकुटीपर्यंत कोणासही विनाखर्च करतां यावा असा तो व्यायाम आहे. बाई म्हणाल्या, “सर, नमस्कार फारच चांगला. पण त्यांत रेटणें आहे, ओढणें नाहीं. आणि तुमच्या वहिनींस आज जमिनीवर हात टेकून पुन्हा उठतां येत नाहीं, त्यांना पहिला नमस्कार घालूं कसा?” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आपल्याकडे मल्लखांबानें ओढण्याची उणीव भरून काढली होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभट्टदादा देवधरांनीं ती विद्या ऊर्जितावस्थेस आणली. पण वहिनींस मल्लखांब सुचविण्याचें धैर्य आमच्या अंगीं नव्हतें.

आहाराविषयीं बाई अधिक कठोर निघाल्या. स्नायु प्रथिनांवर पोसतात, आणि आमच्या घरांतील म्हातारीं माणसें भात, पातळ वरण व लोणचें यांवर दिवस काढतात. त्यांतून वहिनींचे उपवास. साबुदाणा हा निव्वळ पिष्ट होय. त्यांत प्रथिन नांवालाच असतें, खिचडीचा काय तो आधार शेंगदाण्यांचा. उपवास मोडा असें बाई म्हणाल्या नाहींत. म्हणून तर त्या घरांत टिकल्या. त्यांनीं उपवासास दूध, दही व शेंगदाणे वाढविले, एरवीं वरण घट्ट करविलें आणि रोज एक वाटी उसळ ठरविली. आमची सून म्हणते कीं, घट्ट वरणाचा लाभ मामंजींनींच अधिक घेतला. असो.

पौषांत वहिनींस ताप आला. तीन आठवडे सर्व बंद पडलें, आणि मोड्यावर पोंचलेल्या वहिनी पुन्हा खुर्चीवरच्या घडीवर आल्या. त्या दिवशीं त्या रडल्या. “भाऊजी, तुमचा तो वाग्भटच खरा,” असें म्हणाल्या. आम्हीं त्यांस बॉस्टनच्या माणसांची हकीकत सांगितली आणि दुसऱ्या बुधवारीं स्वतः मोजावयास बसलों. चैत्रांत चौरंग साधला. पाटास श्रावण उजाडला.

यंदाच्या गौरीजेवणास सुनेनें मेजावर पान मांडलें होतें. वहिनींनीं तें उचलून पंगतींत नेलें. जेवण झालें. एक हात गुडघ्यावर ठेवून, किंचित् डळमळून, पण कोणाचाही हात न धरितां त्या उठल्या. रिओच्या वैद्यांनीं त्यांस दहापैकीं फार तर सात गुण दिले असते. मग त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. “भाऊजी, आतां तुम्ही उठा पाहूं, हात न टेकतां.” सगळी पंगत थांबली. आम्हीं धोतर सांवरलें, पाय जुळविले, आणि दोनदां प्रयत्न केला. तिसऱ्या वेळीं हात टेकला. येत्या सोमवारपासून खुर्चीवर आमच्यासाठींही एक घडी ठेवावयाची, असें ठरलें आहे.