विश्लेषण : मादी पतंग रात्रीच ‘गंध’ का सोडते? कपाशीतील सापळ्यांशी त्याचा संबंध काय?

कपाशीला पाते-फुले लागली, की सल्ला ठरलेला असतो : शेतात कामगंध सापळे लावा. सापळ्यातील ल्यूरला मादी पतंगासारखा गंध असतो, त्याला भुलून नर अडकतात. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग सापडले, तर नियंत्रणाचे उपाय करायचे, असा निकष आहे. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात या अळीने कपाशीची दैना केली, तेव्हापासून सापळ्यांवरचा भर वाढला.

पण खरी मादी हा गंध केव्हा तयार करते?

मेंदूतून सुटणारा हुकूम

अशोक रैना आणि जेरोम क्लुन या अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये याचा छडा लावला. त्यांनी घेतलेला मक्यावरील पतंग आपल्याकडच्या हरभऱ्यावरील घाटेअळीचा जवळचा नातेवाईक. मादीची मान आवळून डोक्याचा धडाशी संबंध तोडला, तर गंध बनेना. मेंदूचा अर्क टोचताच तो पुन्हा बनू लागला. १९८९ मध्ये त्यातील संप्रेरक उलगडले : ३३ अमिनो आम्लांची साखळी, नाव ‘पीबीएएन’.

ते अन्ननलिकेखालच्या चेतागुच्छात बनते. अंधार पडल्यावर ते शरीरातील द्रवात उतरून पोटाच्या टोकावरील ग्रंथीपर्यंत पोहोचते. तिथल्या पेशींत कॅल्शियम शिरते आणि गंध बनवणारी विकरे कामाला लागतात.

सगळ्याच पतंगांत असे नसते. स्पंजी मॉथमध्ये चेतारज्जू कापला तरी गंधनिर्मिती थांबते, म्हणजे तिथे मज्जातंतूंचाही वाटा आहे. कोबीवरील लूपरला तर रोजच्या निर्मितीसाठी पीबीएएन लागतच नाही.

मीलनानंतर काय?

मक्यावरील पतंगात नराच्या स्रावातील एक पेप्टाइड मादीची गंधनिर्मिती बंद पाडते. मादी ‘गप्प’ होते, अंडी मात्र घालत राहते.

शेतकऱ्यासाठी मुद्दा इथेच आहे. ल्यूरला असे बटण नसते, तो दिवसरात्र दरवळतो. शिवाय सापळ्यात येतात ते फक्त नर. मीलन झालेली मादी त्यात कधीच दिसत नाही आणि गुलाबी अळी बोंडाच्या आत शिरली, की फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून सापळा रिकामा दिसला, तरी एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहायची असतात. त्यांतील दोन किडलेली निघाली, तर नियंत्रणाची वेळ आलेली असते.