शहर कोणाच्या कागदांत असते?

या स्मरणिकेसाठी लेख मागणारे संपादकांचे पत्र आले, त्याखाली एक विनंती जोडलेली होती. शाळेच्या पहिल्या तुकडीतील मुलांची नावे कोणाजवळ असतील तर कळवावीत. पहिल्या तीन वर्षांची दाखलखारीज रजिस्टरे वाळवीने खाल्ली आहेत. पत्र वाचून मी बराच वेळ नुसताच बसून राहिलो. पुण्याची ग्रंथालये आणि त्यांत दडलेला शहराचा इतिहास हा विषय मी लेखासाठी आधीच योजला होता. तो आता दूरचा वाटेना.

आपल्या शाळेची सहल दर दोन-तीन वर्षांनी पुण्याला येते. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, केळकर संग्रहालय आणि वेळ उरला तर महात्मा फुले वाडा. मुले दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यांकडे मान वर करून पाहतात, रांगेत उभी राहून फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत गाडीत बसतात. या सहलीला माझा विरोध नाही. मात्र तिच्यामुळे शहर म्हणजे वाडे, आणि शहराचा इतिहास म्हणजे वाड्यांच्या मालकांचा इतिहास, अशी समजूत लहान वयात पक्की बसते. मोठ्या वर्गातील मुलांना एकदा तरी कागदांकडे न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदांचा तर पुण्यात डोंगर आहे. कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. कापडात बांधलेले गठ्ठे, ज्यांना तेथे रुमाल म्हणतात, ते हजारोंनी आणि त्यांतले कागद कोटींनी मोजावे लागतात. बहुतेक मजकूर मोडीत आहे. १८१८ नंतर हे दप्तर इंग्रजांच्या हाती आले आणि इनामे, वतने, जमिनी यांचे निवाडे करण्यासाठी लागते म्हणून त्यांनी ते जपले. इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. १८९१ मध्ये त्यासाठी इमारत उभी राहिली. १९३० नंतरच्या काही वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या दप्तरातून निवड करून ४५ खंड छापले, तरी ते त्या डोंगराचे एक टोक. शहराच्या दुसऱ्या भागात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी ते १९१० मध्ये स्थापन केले. या मंडळींनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून कागद उतरवले नसते तर मराठ्यांचा इतिहास आपण परक्यांच्याच शब्दांत वाचला असता. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

पण या रुमालांत कोण भेटतो? ज्याला सनद मिळाली तो, ज्याची तनखा ठरली तो, ज्याच्या वतनाचा तंटा चालला तो. वाडा बांधणाऱ्याचे नाव सापडते. दगड वाहणारा सापडलाच तर बहुधा आकड्यात. दप्तर खोटे बोलते असे मला म्हणायचे नाही. ज्याने ते लिहवून घेतले त्याला जे हवे होते, तेच त्यात आहे.

म्हणूनच मला दुसऱ्या एका कागदाची गोष्ट सांगायची आहे. १८४८ या एकाच वर्षी पुण्यात दोन घटना घडल्या. आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखले जाणारे ग्रंथालय सुरू झाले आणि भिडेवाड्यात जोतिराव व सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. पुढच्या काही वर्षांत त्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. तेथे मुक्ता साळवे नावाची मांग समाजातील एक मुलगी शिकत होती. कोवळ्या वयात तिने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. पेशवाईत उंच इमारतींच्या पायांत आपल्या माणसांना कसे पुरले जाई, हे तिने त्यात सांगितले आहे. आपल्या वाट्याला जर कोणताही धर्मग्रंथ येत नाही तर आपला धर्म कोणता, हा प्रश्नही तिने विचारला आहे. पेशवाई बुडून तेव्हा ३७ वर्षे झाली होती. तिच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तो काळ प्रत्यक्ष आठवत असणार.

आता हे दोन कागद शेजारी ठेवून पाहा. रुमालातला वाड्याच्या खर्चाचा हिशेब आणि या मुलीचा निबंध. शहर तेच. दोन्ही वाचल्याशिवाय ते पुरते दिसत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगतो तेव्हा एखादा हुशार मुलगा हमखास विचारतो, की सर, तिने लिहिले ते पुराव्याने सिद्ध होते का? प्रश्न योग्य आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण हिशेबाच्या कागदालाही तोच प्रश्न विचारावा, एवढीच माझी अट असते.

मुक्ताचा निबंध आपल्यापर्यंत आला तो दोन कारणांनी. एक, तो छापला गेला. दोन, त्या नियतकालिकाच्या जुन्या फायली कोणीतरी बांधून घेतल्या, फडताळात ठेवल्या आणि रद्दीवाल्याला दिल्या नाहीत. दुसऱ्या कारणाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या फायली सांभाळणाऱ्या माणसांची नावे मला ठाऊक नाहीत; त्या निबंधाचे महत्त्व त्यांतल्या किती जणांना कळले असेल याचीही शंका आहे. तरीही त्यांनी ठेवले. भिडेवाड्याची जुनी वास्तू तर आता राहिली नाही. स्मारकासाठी ती २०२३ मध्ये पाडण्यात आली. कागद मात्र आहे.

उलट बाजूचे उदाहरण माझ्या अनुभवातले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले. बाबासाहेबांचे 'मूकनायक' निघण्याआधी बारा वर्षे. त्याचे अंक पाहावेत म्हणून मी एका उन्हाळी सुटीत चार ग्रंथालये पालथी घातली. इतरांच्या ग्रंथांतील उल्लेख भेटले, उतारे भेटले. मूळ अंक एकही हाताळायला मिळाला नाही. कोठेतरी असतील, आणि शोधणाऱ्याला सापडतीलही. पण त्या अंकांचे वर्गणीदार पुण्यात होते, त्यांची घरे होती, मुले होती. त्या घरांतले अंक कोठे गेले? भाड्याची खोली बदलताना, पावसात छप्पर गळताना, १९६१ चा पानशेतचा पूर घरात शिरला तेव्हा. गरिबाच्या घरात कागद राहत नाही, कारण कागदाला कोरडी जागा लागते.

माझे आजोबा गावाहून आले आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले. मंगळवार पेठेत त्यांची खोली होती. त्यांचे नाव कोठे मिळेल या आशेने मी वाचायला सुरुवात केली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इतिहासाची ओढ वगैरे नंतरची. नाव काही मिळाले नाही. पण १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये पेठवार वर्णने मिळाली, प्लेगच्या काळातले अहवाल मिळाले आणि गोखले संस्थेची, धनंजयराव गाडगीळांच्या नावावरची, पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी मिळाली. १९४५ आणि १९५२ अशा दोन भागांत ती प्रसिद्ध झाली. कामगाराचा पगार काय, एका खोलीत माणसे किती, कर्ज कोणाला. त्या कोष्टकांत आजोबा असलेच तर एका रकान्यातला एक अंक म्हणून असतील. तरी ते पान उघडून मी आईला दाखवले. तिला आकडे वाचता येत नव्हते. खोलीचे माप मी वाचून दाखवले तेव्हा म्हणाली, एवढीच होती.

हल्ली असे म्हणतात की सारे काही संगणकावर आले आहे, ग्रंथालयात जायचे कशाला? जुने कागद चित्रित होत आहेत ही उत्तमच गोष्ट आहे. कसरीच्या तोंडून जे सुटले ते सुटले. पण पडद्यावर आपण जे नाव टाकतो तेच मिळते. ज्याचे नावच आपल्याला ठाऊक नाही त्याला शोधायचे कसे? फाईल उलगडताना शेजारच्या पानावर तो अचानक भेटतो. शिवाय सूची तयार करणारा जे टिपतो तेच शोधात येते, आणि गल्लीबोळांची, मजुरांची, बायकांची नावे सूचीत घालण्याचे कष्ट फारच थोड्यांनी घेतले आहेत.

दुसरा अडसर दाराचा. मी विद्यार्थी असताना एका ग्रंथालयात मागणीचिठ्ठी पुढे केली, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी चिठ्ठीकडे पाहिलेच नाही. कोणाकडून आलात, असे विचारले. मी शाळेचे नाव सांगितले. त्यांनी आडनाव विचारले. त्या दिवशी मी परतलो. तिसऱ्या खेपेला तेथल्याच एका वयस्कर शिपायांनी मला आत नेऊन बाकावर बसवले आणि हवी ती फाईल स्वतः आणून दिली. आज परिस्थिती बरीच निवळली आहे. तरीही पहिल्यांदा त्या दारातून जाताना सोबत कोणी वडीलधारे असावे, म्हणून मी शाळेच्या सहलीचा आग्रह धरतो. मुलांनी चिठ्ठी कशी भरायची ते शिकावे, मोडीची दोन अक्षरे गिरवावीत, फाईल दोन्ही हातांनी उचलावी. एक दिवस पुरे.

आणि मग परत येऊन त्यांनी आपल्या शाळेचे कपाट उघडावे. उरलेले हजेरीपट, वसतिगृहाच्या कोठीची कीर्द, स्नेहसंमेलनाची हस्तलिखिते, पालकांनी मुलांना लिहिलेली पोस्टकार्डे. कोणत्या वर्षी ज्वारी महागली आणि मुलांच्या ताटात काय आले, हे उद्याच्या इतिहासकाराला त्या कीर्दीशिवाय कोण सांगणार? १९५४ च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबईसह अन्य तीन शहरांतील ग्रंथालयांकडे जाते. संस्थांच्या स्मरणिका बहुधा कोठेच जात नाहीत, माळ्यावर जातात. या स्मरणिकेच्या चार प्रती तरी पुण्याच्या आणि आपल्या जिल्ह्याच्या ग्रंथालयांत संपादकांनी स्वतः पोचवाव्यात आणि पोच घ्यावी.

संपादकांच्या विनंतीला माझ्याकडून एवढेच. माझ्याजवळ वसतिगृहाच्या पंगतीचा एक जुना फोटो आहे. मागे पेन्सिलीने अकरा नावे लिहिली आहेत, त्यांतली दहा मी कळवली. डावीकडून सहावा, खांद्यावर टॉवेल घेतलेला मुलगा कोण, ते अक्षर पुसले आहे. फोटोची प्रत कार्यालयात ठेवली आहे. कोणाला ओळख पटली तर तेथे कळवावे.