संप्रेरकांची मुदत

ज्या विषयाचा उच्चार चारचौघांत अप्रशस्त मानला जातो, त्या विषयातले अज्ञान मात्र आपल्याकडे बिनदिक्कत नांदते, आणि त्याची झळ ज्यांना सोसवत नाही त्यांनाच ती आधी लागते, हा अनुभव महाराष्ट्राने संततिनियमनाच्या बाबतीत एकदा घेतलेला आहे. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, अश्लीलतेच्या खटल्यांपायी न्यायालयाची पायरी चढली, आणि 1934 साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी सरकारने स्वतःच जी गर्भनिरोधक गोळी खेडोपाडी पोचवली, तीच गोळी आज, गर्भधारणेशी जिचा सुतराम संबंध नाही अशी एक स्त्री, छाती भरावी म्हणून खाते आहे. जन्माच्या दाखल्यावर ‘पुरुष’ अशी नोंद झालेल्या, पण स्त्री म्हणून जगणाऱ्या पारलिंगी स्त्रियांविषयी मी लिहितो आहे.

‘माला-डी’चे किंवा सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’चे पाकीट उलटून पाहावे. त्यात 28 गोळ्या असतात. त्यांपैकी 21 पांढऱ्या, आणि त्या प्रत्येकीत 0.03 मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्राडायॉल व 0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल. उरलेल्या सात तपकिरी गोळ्यांत संप्रेरकाचा अंशही नसून केवळ लोह असते. गुरूने सांगितले, मैत्रिणीला गुण आला, औषधांच्या दुकानात कोणी चिठ्ठी मागितली नाही, एवढ्या आधारावर दिवसाला एकीच्या जागी तीन-तीन, चार-चार गोळ्या घेतल्या जातात, आणि पुष्कळदा तपकिरी गोळ्याही त्याच श्रद्धेने गिळल्या जातात. लेव्होनॉरजेस्ट्रेलचे कूळ पाहिले तर ते टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाशी नाते सांगणारे निघते, आणि टेस्टोस्टेरॉनचा थोडासा गुणही त्याच्या अंगी असतो. म्हणजे ज्याच्यापासून सुटका हवी त्याचाच एक दूरचा भाऊबंद या गोळीतून घरात येतो.

एथिनिल एस्ट्राडायॉलची गोष्ट याहून गंभीर आहे. हे 1938 साली जर्मनीत घडवलेले कृत्रिम संप्रेरक यकृतात सहजासहजी मोडत नाही, आणि म्हणूनच तोंडावाटे घेण्यास ते सोयीचे ठरले. परंतु याच चिवटपणामुळे ते रक्त गोठवणारे घटक वाढवण्यास यकृताला भाग पाडते, आणि पायाच्या शिरेत धरलेली गुठळी फुप्फुसापर्यंत पोचण्याचा धोका त्यातून उद्भवतो. ॲम्स्टरडॅमच्या वैद्यांनी आपल्याकडील पारलिंगी स्त्रियांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून 2011 साली असे प्रसिद्ध केले की, हे औषध घेत असलेल्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा संभव तिपटीने अधिक आढळला. आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या उपचारपद्धतीत या औषधाला स्थान नाही. तिथे शरीरात निसर्गतः असणारे एस्ट्राडायॉल गोळी, मलम, पट्टी किंवा इंजेक्शन या रूपांत देतात, आणि टेस्टोस्टेरॉन आवरण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरॉनसारख्या औषधाची जोड देतात.

पण प्रश्न केवळ घातक औषधाचा असता तर औषध बदलून तो सुटला असता. खरी गोम अशी की, ज्या फलाच्या आशेने मात्रा वाढवली जाते ते फल मात्रेच्या अधीनच नाही. स्तनाची ग्रंथी पुरुषाच्या छातीतही बीजरूपाने असतेच. वयात येणाऱ्या कितीतरी मुलांच्या छातीवर काही महिने फुगवटा येतो व विरतो, तो तिच्यामुळेच. एस्ट्राडायॉल सुरू केल्यावर साधारणतः तीन ते सहा महिन्यांत स्तनाग्राखाली सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागते; ती इतकी हुळहुळी असते की सदऱ्याचे कापड घासले तरी कळ येते, आणि लोकलच्या गर्दीत कोणाचे कोपर लागले तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. वयात येणाऱ्या प्रत्येक मुलीने भोगलेली ही अवस्था आहे. परंतु मुलीला आई किंवा आत्या दोन शब्द सांगते, इथे ते सांगणारे कोणी नसते. त्यामुळे एखादी कर्करोगाच्या धास्तीने औषध बंद करते, तर दुसरी त्याच कळेत शुभशकुन पाहून गोळ्या दुप्पट करते. पुढे नलिका फुटतात, चरबी साठते, स्तनाग्राभोवतीचे वलय रुंदावते, आणि ही वाढ पूर्णत्वास जाण्यास दोन ते तीन वर्षे लागतात.

ॲम्स्टरडॅम, गेंट आणि फ्लोरेन्स येथील उपचारकेंद्रांनी 229 पारलिंगी स्त्रियांच्या छातीचे माप एक वर्षभर फितीने घेतले आणि 2018 साली निष्कर्ष छापले. वर्षअखेरीस स्तनांवरून घेतलेला घेर व त्यांच्या खालून घेतलेला घेर यांतील फरक सरासरीने जेमतेम आठ सेंटिमीटर भरला. जवळजवळ निम्म्या जणींची वाढ बाजारातील सर्वांत लहान मापाच्याही आत राहिली. जी झाली तिचा मोठा वाटा पहिल्या सहा महिन्यांतला होता. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, रक्तातील एस्ट्राडायॉलच्या पातळीवरून कोणाची वाढ अधिक होईल याचे भाकीत करता आले नाही. ज्या माहितीने गोळ्यांचा अर्धा बाजार आपोआप बसला असता, ती माहिती इतकी वर्षे नियतकालिकांच्या दप्तरात पडून आहे. शिवाय प्रौढपणी हार्मोन सुरू करणारीच्या बरगड्यांचा पिंजरा रुंद घडून चुकलेला असतो, हाडे पुन्हा आकसत नाहीत, आणि तेवढीच वाढ त्या रुंद छातीवर अधिकच अपुरी भासते. ज्यांना ती पुरेशी वाटत नाही त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया आहे; मात्र निदान वर्षभर संप्रेरकांना त्यांचे काम करू द्यावे आणि मगच तिचा विचार करावा, हा सल्ला शहाणपणाचा आहे.

आता येथे कोणी म्हणेल, मग या स्त्रियांनी धीर धरावा. हा उपदेश मला सर्वस्वी अप्रामाणिक वाटतो. धीर धरण्यासाठी वाट कशाची पाहायची आहे हे कळावे लागते, आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासून ‘सारे यथास्थित चालले आहे’ असे सांगणारे माणूस असावे लागते. घरातून बेदखल झालेली, भाड्याच्या खोलीसाठी वणवण करणारी, रस्त्यावर जिच्या छातीकडे पाहूनच तिला ‘बाई’ म्हणायचे की आणखी काही हे लोक ठरवतात, तिची घाई ही चैन नव्हे. दुपट्टा पुढे ओढून घेण्याची गरज न भासता बसमध्ये चढता यावे, इतकाच पुष्कळदा तिचा हेतू असतो.

सरकारदरबारी याची दखल घेतलेली नाही असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी ‘नालसा’ निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पारलिंगी व्यक्तींविषयीच्या 2019 च्या कायद्याने कलम 15 मध्ये हार्मोन उपचारांची व त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या समुपदेशनाची तरतूद करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ऑगस्ट 2022 मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण जाहीर झाले, आणि त्यात हार्मोन उपचारांचाही अंतर्भाव करण्यात आला. मसुदे उत्तम आहेत. परंतु विम्याची घडण मुळातच रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी असते. दरमहा लागणारी गोळ्यांची पट्टी, तिमाही रक्ततपासणी आणि वर्षानुवर्षांची बाह्यरुग्ण विभागातली खेप तीत नीटशी बसत नाही.

ही उणीव काही काळ ‘मित्र’ या नावाच्या दवाखान्यांनी थोड्याफार प्रमाणात भरून काढली. पहिला 2021 साली हैदराबादेत निघाला, पुढे कल्याण आणि पुणे येथेही निघाले. हार्मोन उपचारांचे मार्गदर्शन, समुपदेशन, एचआयव्हीची तपासणी हे सर्व तेथे एका छताखाली, आणि पारलिंगी समाजातल्याच माणसांच्या हातून मिळे. खर्च अमेरिकेच्या ‘यूएसएड’च्या निधीतून होई. जानेवारी 2025 मध्ये वॉशिंग्टनमध्ये परकीय मदत तहकूब करण्याचा हुकूम निघाला आणि कल्याणातल्या दवाखान्याच्या दाराला कुलूप लागले. भारतीय संसदेने जे स्वतःच्या सरकारचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवले होते, ते परक्याच्या खजिन्यावर चालत होते, हे त्या कुलपाने उघड केले.

‘करदात्याचा पैसा या हौसेवर का?’ हा आक्षेप मी ऐकला आहे. छातीवरचा फुगवटा न विरलेल्या तरुणाला शस्त्रक्रियेसाठी आणले जाते तेव्हा त्याच्या मनःस्तापाची आपण कदर करतो, त्याला हौशी म्हणत नाही. ग्रंथी तीच, मनःस्तापही त्याच जातीचा; केवळ दिशा उलटी झाल्याने त्याचे नाव बदलावे, यात तर्क मला दिसत नाही. हिशेबच मांडायचा तर फुप्फुसात गुठळी अडकलेल्या रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवण्याचा खर्चही त्यात धरावा लागेल. आणि स्तन आले म्हणजे स्तनांचे विकारही आले: नेदरलँड्समधील 2,260 पारलिंगी स्त्रियांच्या नोंदींवरून 2019 साली असे दिसले की त्यांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांहून कमी, पण पुरुषांच्या मानाने कितीतरी पटींनी अधिक असतो. आपल्या गावोगावच्या मॅमोग्राफी शिबिरांत पन्नाशीच्या पारलिंगी स्त्रीला रांगेत उभे राहू देतात काय, याची चौकशी एखाद्या जिल्हा शल्यचिकित्सकाने करावयास हरकत नाही.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक सकाळ, एक प्रशिक्षित डॉक्टर, एक समुपदेशक, आणि शक्यतो समाजातलीच एक सहायिका. लागणारी औषधे वैद्यकाला नवी नाहीत: एस्ट्राडायॉल रजोनिवृत्तीच्या तक्रारींवर दिले जाते, स्पायरोनोलॅक्टोन हृदयाच्या व यकृताच्या रुग्णांना रोजच दिले जाते, आणि यकृताच्या किंवा पोटॅशियमच्या तपासण्या तर प्रयोगशाळेत नित्याच्याच आहेत. कमी आहे ती एका लेखी आदेशाची, आणि मंत्रालयातून तो काढण्यासाठी वॉशिंग्टनची संमती लागत नाही.