लसीनंतरचा ज्वर आणि वैद्याची नोंदवही

गेल्या महिन्यात चिकित्सालयातील कपाटे आवरताना २०२१ सालची रुग्णनोंदवही हाती आली. तिच्या फेब्रुवारीच्या पानांत एका रुग्णाचे नाव लिहिलेले नाही. वय ५८, पुरुष, पित्तप्रधान वातानुबंधी प्रकृती, मध्यम बल, एवढेच आहे. तो रुग्ण म्हणजे प्रस्तुत लेखक स्वतःच. आपण इतरांची नाडी आयुष्यभर पाहतो. स्वतःच्या देहावर घडलेले मात्र सहसा लिहून ठेवत नाही. त्या तीन दिवसांच्या नोंदी पुन्हा वाचताना काही विचार मनात आले. ते वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधविक्रेत्या मित्रांपुढे मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविड लसीकरणास प्रारंभ झाला आणि आरोग्यसेवकांना प्रथम स्थान मिळाले. खासगी व्यवसाय करणारे आम्ही तालुक्याचे वैद्यही त्या यादीत होतो. फेब्रुवारीत एके दिवशी सकाळी साडेअकरा वाजता डाव्या दंडात कोविशील्डची अर्धा मिलिलिटरची पहिली मात्रा घेतली, अर्धा तास तेथेच बसलो आणि दुपारी नेहमीप्रमाणे रुग्ण तपासले. रात्री नऊच्या सुमारास हुडहुडी भरली. अंगमर्द, शिरःशूल, अरुची ही लक्षणे क्रमाने प्रकट झाली. रात्री दोन वाजता ज्वर १०१.८ अंश होता. दंड जड, उष्ण व स्पर्शासह झाला होता.

यानंतरची नोंद लिहिताना त्या वेळी लेखणी अडखळली होती, हे अक्षरावरून आजही कळते. अभिघातज ज्वरात सर्पिष्पान व अभ्यंग चरकाचार्यांनी सांगितला आहे, हे स्मरून मी त्या दंडाला कोमट तेल चोळले व वरून शेक दिला. तासाभरात वेदना दुप्पट झाली. ज्या जागी स्नायूमध्ये नुकतेच द्रव्य घातले आहे व जेथे शोथ उत्पन्न होत आहे, तेथे मर्दन करू नये, हा साधा विवेक मला त्या रात्री राहिला नाही. ग्रंथ चुकला नव्हता. माझे निदान घाईचे होते. पहाटे गार पाण्याची पट्टी ठेवली, हात हलता ठेवला आणि पॅरासिटामॉलची एक गोळी घेतली. दुसरा दिवस षडंगपानीय, पेया व मुगाचे कढण यांवर काढला. सुमारे छत्तीस तासांनी घाम येऊन ज्वर उतरला. दंडाचा शूल मात्र तिसऱ्या दिवसापर्यंत होता. मार्चमधील दुसऱ्या मात्रेनंतर केवळ थोडी ग्लानी आली आणि जानेवारी २०२२ मधील प्रतिबंधात्मक मात्रेनंतर दंड दुखण्यापलीकडे काहीच झाले नाही.

त्या पॅरासिटामॉलच्या गोळीविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. पुढील दोन महिने मी ती गोष्ट रुग्णांना सांगितली नाही. ‘वैद्यराज, तुम्ही काय घेतलेत?’ असे कोणी विचारले, की षडंगपानीयाचे नाव सांगत असे. असत्य बोललो नाही, परंतु अर्धे सत्य बोललो. ज्याला १०२ अंश ज्वर आहे, ज्याचा नातू बाहेरगावी आहे आणि ज्याच्या घरी मुस्ता-पर्पटक नाहीत, अशा वृद्धाला या अर्ध्या सत्याचा काय उपयोग? आपल्या शास्त्राचा मान राखण्यासाठी रुग्णापासून माहिती दडवावी लागत असेल, तर तो शास्त्राचा मान नसून आपला अहंकार होय.

हा ज्वर कोणत्या प्रकारात घालावा, याविषयी आमच्या शाखेच्या चर्चामंडळात बराच खल झाला होता. कोणी त्यास अभिघातज म्हटले, कोणी विषसंबंधामुळे अभिषंगज. माझे मत असे की तो आगंतु आहे, यात शंका नाही. आगंतूत प्रथम व्यथा व मागाहून दोषानुबंध, हा क्रमही येथे स्पष्ट दिसतो. परंतु सुईच्या अभिघाताने एवढा ज्वर येत नाही. शरीराने आत आलेल्या परक्या द्रव्याला दिलेले ते उत्तर आहे आणि ते बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप शमते. म्हणूनच येथे तीव्र लंघन, तीक्ष्ण स्वेदन वा शोधन यांचे प्रयोजन नाही. लघु आहार, पुरेसे पाणी, विश्रांती आणि निरीक्षण एवढे पुरते. या मताशी कोणाचा मतभेद असल्यास त्याचे स्वागतच आहे.

लस टोचून घेऊन स्वतःच्या ज्वराची नोंद ठेवण्याची परंपरा आपल्या मुंबईस नवी नाही. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपण सिद्ध केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ज्वर आला, टोचल्या जागी वेदना झाली आणि ते सारे त्यांनी पाहिले. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. त्याच हाफकिनांवर पुढे मोठे बालंट आले. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. ते सर्व एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. दोष लसीच्या निर्मितीचा की गावातील हाताळणीचा, हे ठरण्यास काही वर्षे गेली आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. त्या १९ जणांचा मृत्यू खरा होता, त्यांच्या कुटुंबांचा आक्रोश खरा होता. तरीही कारण शोधल्यावाचून ठरवता येत नव्हते. परळच्या हाफकिन संस्थेवरून जाताना ही गोष्ट प्रत्येक चिकित्सकाने आठवावी.

आता माझ्या वहीतील आणखी दोन पाने.

पहिले पान आमच्या एका औषधविक्रेत्या स्नेह्यांचे. १ एप्रिल २०२१ पासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात ती घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा डावा खांदा व दंड दुखू लागला. लसही डाव्याच दंडात घेतलेली. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि त्यांनी स्वतःही ‘लसीचा त्रास’ म्हणून दुकानातीलच तेल चोळले. छातीत जड वाटते म्हणून हिंग्वाष्टक घेतले. दुपारी ते सहज म्हणून माझ्याकडे आले, तेव्हा कपाळावर थंड घाम होता, चेहरा विवर्ण आणि नाडी क्षीण होती. त्यांना मी औषध दिले नाही, गाडी बोलावली. जिल्ह्याच्या ठिकाणी हृद्रोहिणीतील अवरोध सापडला, वेळीच उपचार झाला आणि आज ते पुन्हा दुकानात बसतात. त्यांना अनेक वर्षांपासून मधुमेह व धूम्रपानाचे व्यसन होते. लसीचा त्रास हे नाव सर्वांनी इतक्या सहज स्वीकारले होते, की त्या नावाखाली हृद्रोग लपून गेला. दोन तास अधिक गेले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

दुसरे पान एका निवृत्त शिक्षकांचे. गावात त्यांना सर्व जण गुरुजी म्हणत. २०२१ च्या मार्चमध्ये ते विचारण्यास आले, ‘वैद्यराज, लस घेऊ का? तुम्ही सांगाल ते करीन.’ त्या वेळी माझ्या दोन्ही मात्रा झालेल्या होत्या. तरीही, आयुर्वेदाच्या वैद्याने लसीची शिफारस केली असे गावात होऊ नये, या क्षुद्र विचाराने मी म्हणालो, ‘आपली इच्छा. घेतली तरी ठीक, थोडे थांबलात तरी ठीक.’ गुरुजी थांबले. मे महिन्यात दुसऱ्या लाटेत ते गेले. त्यांनी लस घेतली असती तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. एका रुग्णावरून तसा निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु त्यांनी विश्वासाने विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही, एवढे निश्चित आहे. आप्ताने ज्ञात असलेले स्पष्ट सांगावे, हे आपणच विद्यार्थ्यांना शिकवतो.

कार्यकारणभावाचा हा प्रश्न आपल्यावरही उलटून आलेला आहे, याचे विस्मरण होऊ नये. २०२१ मध्ये मुंबईतील काही वैद्यकांनी गुळवेल सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेव्हा आपण सर्वांनी एका सुरात विचारले होते, की ती वनस्पती खरोखर गुडूचीच होती काय? मात्रा किती होती? रुग्णास पूर्वीचा यकृतविकार होता काय? सोबत आणखी कोणती औषधे चालू होती? आयुष मंत्रालयानेही वनस्पतीची ओळख पटवण्याचा मुद्दा उपस्थित केला. हे प्रश्न रास्तच होते. पण मग तेच प्रश्न लसीबाबत विचारण्यास आपण का कचरतो? गुडूचीवर आरोप आला की ‘नंतर घडले म्हणून त्यामुळे घडले असे नव्हे’ आणि लसीवर आरोप आला की ‘बघा, आम्ही म्हणत होतो’, ही दोन मापे वैद्याच्या दुकानात शोभत नाहीत. आणि उलट बाजूने, गुडूचीच्या तक्रारी तपासल्याविना फेटाळणे हेही तितकेच अनुचित आहे.

मे २०२४ मध्ये याची पुन्हा प्रचीती आली. ॲस्ट्राझेनेका कंपनीने इंग्लंडच्या न्यायालयात रक्तगुठळी व प्लेटलेट-ऱ्हास हा अतिविरळ दुष्परिणाम मान्य केल्याची बातमी आली आणि आठवडाभर माझ्या ओसरीवर लसीकरणाची प्रमाणपत्रे हाती घेतलेले लोक बसले होते. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या लसीने आता गुठळी होईल काय, हा प्रत्येकाचा प्रश्न. त्यांना सांगितले, की ही विकृती खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. युरोपीय नियामकांनी हा संबंध एप्रिल २०२१ मध्येच संभाव्य मानला होता. आपल्या आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजी दिलेल्या माहितीनुसार भारतातील प्रमाण दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ होते. ही विकृती बहुतांशी लसीनंतर ४ ते ४२ दिवसांत प्रकट होते. तीन वर्षांनी नव्हे. ही चार वाक्ये ऐकून बहुतेक जण निश्चिंत होऊन परतले. काहींनी जाताना ‘रक्त पातळ करणारा काढा’ मागितला. तो मी दिला नाही.

येथे औषधविक्रेत्या मित्रांना नम्र विनंती आहे. त्या आठवड्यात ‘लसीचे विष काढणारे’ म्हणून काही मिश्रणे विकली गेल्याचे कानावर आले. अशी मागणी करणारा ग्राहक भयभीत असतो. भयावर विक्री होते, पण तीत विश्वास गमवावा लागतो. २०२० मध्ये तुळस, दालचिनी, सुंठ व मिरी यांचा काढा दिवसातून चार-चार वेळा पिऊन मुखपाक व अम्लपित्त घेऊन आलेले किती रुग्ण आपण पाहिले! त्यांना प्रमाण सांगणारा कोणी काउंटरवर असता तर ते टळले असते.

कोविडची साथ ओसरली तरी हा विषय संपलेला नाही. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या बाळांना पेंटाव्हॅलंट टोचून आणलेल्या माता आजही रात्री आपल्यालाच दूरध्वनी करतात. फ्लूची लस घेणाऱ्या वृद्धांची संख्याही वाढते आहे. तेव्हा आपण काय करावे, याविषयी माझ्या सूचना अशा :

लसीनंतर आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद करावी. लसीचे नाव, दिनांक, वेळ, लक्षण किती तासांनी सुरू झाले व किती काळ टिकले, पूर्वीचे विकार, चालू औषधे आणि आपण काय दिले, एवढे लिहिले तरी पुरे. टोचल्या जागी मर्दन व शेक करू देऊ नये. बाळाच्या मांडीवरील गाठीला तर मुळीच नाही. मधुमेह व रक्तदाबाची औषधे बंद करू देऊ नयेत. श्वासकष्ट, छातीत वेदना, न थांबणारी तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, पायाला सूज, सतत पोटदुखी, टोचल्या जागेपासून दूर त्वचेवर लाल-जांभळे ठिपके, आचके किंवा तीन दिवसांहून अधिक ज्वर असल्यास रुग्ण विनाविलंब रुग्णालयात धाडावा. आणि गंभीर घटना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावी. प्रतिकूल घटनेचा संबंध लसीच्या घटकांशी, तिच्या गुणवत्तेतील दोषाशी, टोचण्यातील चुकीशी, रुग्णाच्या भीतीशी की निव्वळ योगायोगाशी, हे ठरवणारी समिती असते. आपले काम ठरवण्याचे नाही, कळवण्याचे आहे.

हीच शिस्त आपल्या स्वतःच्या औषधांनाही लावली पाहिजे. आयुर्वेदीय औषधांच्या दक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. आज नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था त्याचे समन्वय केंद्र आहे. तेथे आपल्यापैकी किती जणांनी आजवर एक तरी नोंद पाठवली, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःलाच विचारावा. माझे उत्तर गेल्या वर्षापर्यंत ‘एकही नाही’ असे होते.

गुरुजींच्या नावाखाली वहीत त्या दिवशी मी ‘सल्ला : ऐच्छिक’ असे लिहिले आहे. ते दोन शब्द खोडण्याचा मोह झाला होता, पण खोडले नाहीत. पुढच्या वेळी कोणी विश्वासाने विचारील, तेव्हा ते पान डोळ्यांपुढे असावे, एवढीच इच्छा.

अलमिति विस्तरेण.